एआरजी रचताना कायदा आणि प्लॅटफॉर्मचे नियम : सूत्रधाराची जबाबदारी नेमकी कुठून सुरू होते?

उंबरठा

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मिळून दहा आठवडे चालणारा एक एआरजी रचतोय. गोष्ट जवळजवळ तयार आहे, कोडी तपासून झाली आहेत, आणि आता मी एका जागी अडलोय. म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एआरजी, अर्थात अल्टरनेट रिॲलिटी गेम, म्हणजे खऱ्या ईमेलमधून, खऱ्या वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून, फोनवरून, कधी खांबाला चिकटवलेल्या कागदावरून उलगडत जाणारी गोष्ट. खेळाडू एकत्र जमून कोडी सोडवतात, पात्रांशी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याने गोष्ट वळते. पडद्यामागून हे चालवणाऱ्यांना पपेटमास्टर म्हणतात. आपल्याकडे सूत्रधार हा शब्द आहेच, मी तोच वापरतो. २००१ साली एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी 'द बीस्ट' हा खेळ झाला, तेव्हापासून 'हा खेळ नाही' हे या प्रकाराचं ब्रीद झालं. पात्रांनी कधीच कबूल करायचं नाही की ती पात्रं आहेत.

आता माझी अडचण. गेल्या वर्षी आम्ही चाळीस जणांसोबत एक छोटी चाचणी घेतली. गोष्टीत जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करणारी एक बाई गायब होते. तिसऱ्या संध्याकाळी तिचं रेकॉर्डिंग खेळाडूंना गेलं : "दारापाशी कुणीतरी उभं आहे. हे मिळालं तर कुणाला तरी सांगा." एका खेळाडूने ते जसंच्या तसं आपल्या बहिणीला पाठवलं. तिला खेळाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिने पहिले दहा सेकंद ऐकले आणि रात्री अकरा वाजता पोलिसांना फोन लावला. ज्या नंबरवरून रेकॉर्डिंग गेलं होतं तो माझ्या नावावर. वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. पोलीस अधिकारी शांतपणे बोलले, मी सगळं सांगितलं, प्रकरण तिथेच मिटलं. पण त्या वीस मिनिटांत कुणीतरी खरोखर त्या बाईला शोधायला लागलं होतं. आणि 'कुणाला तरी सांगा' हे वाक्य मी लिहिलं होतं. त्या बहिणीने मी सांगितलं तेच केलं.

तर प्रश्न असे. खेळाडूची संमती केव्हा आणि कशी घ्यायची? पात्रांच्या नावाने खाती उघडली तर प्लॅटफॉर्म काय करतात? आणि आठव्या आठवड्यात सार्वजनिक बागेत एक डबी लपवायचा बेत आहे, तो ठेवावा का?

आर्जव

मी व्यवसायाने वकील आहे. इथे लिहितेय तो सर्वसाधारण विचार. तुमचे कागद पाहिल्याशिवाय ठाम सल्ला कुणी देऊ नये आणि तुम्ही घेऊही नये.

तुमच्या पहिल्या प्रश्नाशी तंतोतंत जुळणारा एक खटला झालेला आहे. २००८ मध्ये टोयोटाने अमेरिकेत 'युअर अदर यू' नावाची मोहीम चालवली. तुमच्या ओळखीतलं कुणीतरी तुमची माहिती द्यायचं, आणि तुम्हाला व्यक्तिमत्त्व चाचणीचं आमंत्रण यायचं. चाचणीच्या सुरुवातीला अटींचं पान, तिथे 'मान्य' वर टिचकी. एका महिलेने ती मारली. मग कित्येक दिवस तिला एका अनोळखी इंग्रज माणसाचे ईमेल येत राहिले : मी पोलिसांपासून पळतोय, माझा कुत्रा सोबत आहे, तुझ्या घरी लपायला येतोय. ईमेलमध्ये तिच्या घराचा खरा पत्ता होता. पुढे एका मोटेलच्या व्यवस्थापकाच्या नावाने त्या माणसाने केलेल्या मोडतोडीचं बिलही आलं. शेवटी उघड झालं की ही मोटारीची जाहिरात होती.

तिने १ कोटी डॉलरचा दावा लावला. कंपनीचं म्हणणं, बाईंनी अटी मान्य केल्यात, वाद लवादापुढे न्या. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये ते फेटाळलं. कारण नीट वाचा, तुमच्या कामाचं आहे. तिला वाटत होतं की ती चाचणीला हो म्हणतेय. आपण कशाला हो म्हणतोय हेच तिच्यापासून लपवलं होतं. म्हणजे नुसती अट जाचक होती असं नाही, मुळात करार झालाच नाही.

मी याचा अर्थ असा घेते : संमती कथेच्या आत घेतली तर ती संमती नव्हे. पात्राच्या तोंडून, खोट्या कंपनीच्या फॉर्मवर, कोड्याचा भाग म्हणून घेतलेला होकार कोर्टात उभा राहणार नाही. तुमच्या खऱ्या नावाने, खऱ्या पानावर, साध्या भाषेत सांगा : ही काल्पनिक गोष्ट आहे, तुम्हाला ईमेल आणि फोन येतील, या वेळेत येतील, त्यात भीतीदायक मजकूर असेल, आणि असं केलं की सगळं थांबेल.

आणखी एक. 'सर्व जोखीम खेळाडूची' ही ओळ लिहून कुणी निर्धास्त होऊ नये. ब्रिटनमध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी व्यावसायिकाला करारात झटकता येत नाही. १९७७ च्या कायद्यापासून हे स्पष्ट आहे. इतर अनेक देशांतही न्यायालयं अशा ओळीकडे कडक नजरेने पाहतात.

चकवा

आर्जव यांचं म्हणणं पटतं, तरी मनाला लागतं. मी पंधरा वर्षं हे खेळ खेळतोय. पहिला ईमेल आला तेव्हा तो खेळ आहे हे मला माहीत नव्हतं. एका संकेतस्थळावर एक तारीख चुकीची होती. तिथून धागा हाती लागला आणि मी पहाटेपर्यंत जागा होतो. दारातच 'ही काल्पनिक गोष्ट आहे' अशी पाटी लावली असती तर ती पहाट मला मिळाली नसती. ती शोधण्याची ऊर्मीच तर हा खेळ आहे. ती कायद्याच्या धाकाने मारून टाकायची का?

तारायंत्र

चकवा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तुमच्या गोष्टीत एक फरक आहे. तुम्ही त्या खेळाकडे गेलात. पान उघडं होतं, तारीख चुकीची होती, तुम्ही चालत आत शिरलात. टोयोटाच्या मोहिमेत गोष्ट बाईंच्या घरी आली. माझ्या मते इथेच रेघ आहे. उघड्यावर ठेवलेलं कोडं गूढ असू दे, त्याला पाटी नको. पण तुम्ही कुणाचा नंबर, ईमेल किंवा पत्ता घेऊन त्याच्याकडे *जाणार* असाल, तर त्याआधी विचारलंच पाहिजे.

मी अशा खेळांची तांत्रिक बाजू सांभाळतो, तेव्हा प्लॅटफॉर्मबद्दल जरा विस्ताराने.

पात्रांची खाती. फेसबुकवर वैयक्तिक खातं खऱ्या माणसाचं आणि त्याच्या रोजच्या व्यवहारातल्या नावाचं लागतं. पात्राचं वैयक्तिक खातं उघडलंत तर ते आज ना उद्या जाणार. पात्रासाठी पेज करा. इन्स्टाग्राम खरी ओळख उघड करायला लावत नाही, पण दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचं सोंग चालत नाही. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) विडंबनाच्या किंवा चाहत्यांच्या खात्याला ते खात्याच्या नावात आणि परिचयात लिहावं लागतं. डिस्कॉर्डवर माणसाचं खातं स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, चालवणं मना आहे. त्यासाठी वेगळं बॉट खातं घ्यावं लागतं आणि त्यावर तशी खूण दिसते. हे नियम बदलत राहतात, खेळ सुरू व्हायच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

पण खरा धोका नियमांपेक्षा यंत्रांचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मार्किप्लायर या यूट्यूबरने थेट प्रक्षेपणात प्रेक्षकांना लाल किंवा हिरवी चिन्हं टाकून गोष्टीचं पुढचं पाऊल ठरवायला सांगितलं. प्रेक्षकांनी ती भराभर टाकली, यूट्यूबच्या यंत्रणेला तो स्पॅम वाटला, आणि लोकांची गूगल खातीच बंद झाली. नुसती चॅट नव्हे, जीमेलसकट सगळं. नंतर खाती परत मिळाली, पण मधल्या काळात लोकांची पत्रं, कामाचे कागद अडकून पडले. सूत्रधाराने सांगितलेली कृती खेळाडूने केली आणि शिक्षा खेळाडूला झाली. म्हणून माझा पक्का नियम आहे की शंभर खेळाडूंनी एकाच क्षणी एकच मजकूर कुठेही टाकावा असं कोडं लिहायचं नाही.

आमच्याच एका खेळातली चूक सांगतो. पात्राच्या कंपनीचं लॉगिन पान मी हुबेहूब केलं होतं : नाव, पासवर्ड, 'विसरलात का?' अशी लिंक. तिसऱ्या दिवशी सकाळी पान उघडलं तर ब्राउझरने पूर्ण लाल पडदा दाखवला : हे संकेतस्थळ फसवं आहे. यंत्राच्या नजरेने पाहिलं तर ते बरोबरच होतं. नुकतंच घेतलेलं डोमेन, ज्या कंपनीचा कुठे मागमूस नाही तिचं नाव, आणि पासवर्ड मागणारा चौकोन. त्याहून वाईट म्हणजे सहा खेळाडूंनी त्या चौकोनात आपले खरे पासवर्ड टाकून पाहिले होते. मी ती नोंद लगेच पुसली, सहाही जणांना लिहून पासवर्ड बदलायला सांगितलं. तेव्हापासून 'पासवर्ड' हा शब्दच वापरत नाही. 'परवलीचा शब्द' म्हणून एकच चौकोन ठेवतो, आणि त्यात टाकलेलं सर्व्हरवर जातच नाही, ब्राउझरमध्येच ताडून पाहिलं जातं.

आणि खेळाडूंना कुठेही 'हॅक करा' म्हणू नका. पात्राचं खातं फोडायचं असेल तर ते तुमच्या सर्व्हरवर, तुम्ही आखलेल्या कुंपणात. उत्साही माणूस कुंपण ओलांडून तुमचा सर्व्हर जिच्याकडे आहे त्या होस्टिंग कंपनीच्या यंत्रणेवर हजारो नावं एकामागोमाग टाकून पाहतो, आणि तो बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

रानवारा

खेळाडूच्या बाजूने लिहिते. एका खेळात खलनायकाला साधं, कुणाचंही असू शकेल असं नाव दिलं होतं. आम्ही शोधायला लागलो आणि त्याच नावाचा खरा माणूस सापडला. निवृत्त शिक्षक. दोन दिवसांत त्यांना पन्नासेक निरोप गेले, त्यात सांकेतिक लिपीतले, त्यात 'आम्हाला सगळं कळलंय' असेही. ते बिचारे घाबरले. मीही त्यांना लिहिलं होतं. नंतर माफीचं पत्र पाठवलं, त्यांनी चांगलं उत्तर दिलं. पण ते निरोप मिळालेल्या दोन दिवसांचं काय, हे अजून मनातून जात नाही.

सूत्रधारांनो, नाव ठेवण्याआधी ते शोधून पाहा. फोन नंबर मनाने लिहू नका, तो कुणाचा तरी असतो.

तारायंत्र

रानवारा, नंबरांची सोय आहे. उत्तर अमेरिकेत ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हे नंबर काल्पनिक वापरासाठी राखून ठेवलेत, आणि ब्रिटनच्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकानेही नाटक-मालिकांसाठी वेगळे नंबर काढलेत. example.com सारखी डोमेनंही उदाहरणांसाठी राखीव आहेत. खेळाडूने खरंच फोन करावा असं असेल तर मात्र तो नंबर तुमच्या ताब्यातच हवा, आणि खेळ संपल्यावरही काही महिने सोडू नका. नाहीतर तो दुसऱ्या कुणाला मिळतो आणि त्याला मध्यरात्री परवलीचे शब्द ऐकावे लागतात.

आर्जव

फोनचा विषय निघालाच आहे म्हणून. अमेरिकेत १९९१ चा एक कायदा ध्वनिमुद्रित आवाजातल्या फोनसाठी आधी संमती मागतो, आणि उल्लंघनाला प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर, जाणूनबुजून केलं तर १५०० पर्यंत भरपाई आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या संपर्क आयोगाने स्पष्ट केलं की एआयने बनवलेला आवाजही यात मोडतो. पात्राचा आवाज यंत्राकडून करून घेण्याचा मोह आता सर्वांना होतोय, म्हणून मुद्दाम सांगितलं. खेळाडू जगात कुठेही बसलेला असू शकतो, त्यामुळे 'आपल्याकडे चालतं' हे पुरेसं नाही.

तेच वयाचं. मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करताना पालकांच्या संमतीची अट अमेरिकेत १३ वर्षांखाली, युरोपात देशागणिक १३ ते १६, आणि भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या सर्वांना. तुमच्या गोष्टीत पाठलाग आणि गायब होणं आहे. मी तुमच्या जागी असते तर १८ च्या खाली कुणालाच घेतलं नसतं.

खडू_फळा

बागेच्या डबीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी शहरभर फिरायला लावणारे खेळ आखतो, आणि माझ्या मते या धाग्यातला सर्वांत गंभीर प्रश्न तोच आहे.

१९७० च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ केंद्राने स्पर्धा ठेवली. निवेदक लाल गाडीतून शहरभर फिरायचा, रेडिओवर ठिकाण सांगायचा, आणि जो आधी पोहोचेल त्याला रोख बक्षीस. दोन किशोरवयीन मुलं दोन गाड्यांतून ताशी ८० मैलांच्या वेगाने त्याच्या मागे लागली. त्यांच्या धावपळीत तिसरीच एक गाडी रस्त्याबाहेर ढकलली गेली आणि तिचा चालक मेला. त्याचा स्पर्धेशी संबंधच नव्हता. केंद्र म्हणालं, मुलांनी बेदरकार गाडी चालवली, त्यात आमचा काय दोष? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये केंद्राला जबाबदार धरलं. आधी पोहोचणाऱ्यालाच बक्षीस, ठिकाण सारखं बदलतं, ऐकणारे तरुण : असं काही होईल हे आधीच दिसायला हवं होतं.

हे वाचल्यापासून मी 'पहिला येईल तो' हा प्रकार कायमचा सोडला. डबी असेल तर त्यात शंभर चिठ्ठ्या ठेवतो, आणि आठवडाभर कुणीही कधीही यावं.

डबीचं दिसणंही महत्त्वाचं. ३१ जानेवारी २००७ ला बॉस्टनमध्ये एका कार्टून मालिकेच्या प्रचारासाठी लावलेल्या, तारा आणि दिवे असलेल्या पाट्या लोकांना बॉम्ब वाटल्या. रस्ते, पूल बंद झाले. त्याच पाट्या इतर शहरांत दोन-तीन आठवडे लटकत होत्या, तिथे कुणाला काही वाटलं नव्हतं. कार्टून नेटवर्कची मालक टर्नर कंपनी आणि तिच्या जाहिरात संस्थेने मिळून २० लाख डॉलर भरले, आणि कार्टून नेटवर्कच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास त्याच शहरात एका शीतपेयाच्या खजिनाशोधातलं नाणं जुन्या दफनभूमीत लपवलेलं निघालं. लोक तिथे शोधायला येऊ लागले आणि शहराने ती जागा बंद केली. बागेच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. डबी पारदर्शक घ्या, तारा नकोत, टेप नको, आणि झाकणावर तुमचं खरं नाव आणि चालू फोन नंबर लिहा.

शेजाऱ्यांचाही विचार करा. खेळाडूंना खऱ्या ठिकाणी फिरायला लावणाऱ्या पोकेमॉन गो या मोबाईल खेळावर घरमालकांनी दावे लावले होते. २०१९ च्या तडजोडीत कंपनीने कबूल केलं की घरापासून ४० मीटरच्या आतल्या ठिकाणाबद्दल तक्रार आली तर ते काढू.

चकवा

मी दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचला. तारायंत्र यांचा 'गोष्ट कुणाकडे जाते' हा फरक मला मान्य आहे. आणखी एक सुचलं ते लिहितो. नाटकाला तिसरी घंटा होते. घंटा झाली म्हणून प्रेक्षागृहात कुणाचं रडू थांबत नाही. उलट घंटा झाली म्हणूनच माणूस निर्धास्तपणे रडतो. उंबरठा, तुमच्या खेळाला तिसरी घंटा हवी. ती एकदाच होऊ दे, पण सगळ्यांना ऐकू जाऊ दे. त्यानंतर पात्रांनी आपली भूमिका सोडू नये.

रानवारा

आणि प्रयोग मध्येच थांबवायची सोयही हवी. २००१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीचा 'मॅजेस्टिक' हा फोन आणि ईमेलवर चालणारा खेळ ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर थांबवावा लागला होता. बाहेरच्या जगात काय घडेल ते तुमच्या हातात नसतं. त्या दिवशी आपोआप सुटणारे ईमेल कोण रोखणार, हे आजच ठरवा. एका माणसाचं नाव लिहा.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय बदललं ते सांगतो.

नावनोंदणीचं पान आता आमच्या चौघांच्या खऱ्या नावांनी आहे. वय १८ च्या पुढे. फोन हवा की नको हा वेगळा प्रश्न, ईमेल हवा की नको हा वेगळा, आणि काहीही आधीपासून निवडलेलं नाही. रात्री नऊनंतर काही जाणार नाही. कुठल्याही पात्राला कधीही 'पडदा' एवढा एकच शब्द पाठवला की खेळ त्या माणसापुरता थांबेल आणि आमच्यापैकी एक जण स्वतःच्या नावाने उत्तर देईल. इन्स्टाग्राम खात्याच्या परिचयात 'काल्पनिक पात्र' लिहिलंय. गायब होणाऱ्या बाईंचं नाव बदललं; जुन्या नावाच्या तीन खऱ्या व्यक्ती निघाल्या. बागेकडे परवानगीचा अर्ज गेलाय, नाही मिळाली तर डबीऐवजी टपालाने पाकीट पाठवू, ज्यांनी पत्ता द्यायला होकार दिलाय त्यांनाच. ईमेल रोखायचं काम आमच्यातल्या एकीकडे दिलं आणि काल रात्री तिने तालीम म्हणून सगळी रांग थांबवूनही पाहिली. चार मिनिटं लागली.

राहिलं ते रेकॉर्डिंग. पान कितीही नीट केलं तरी आवाज पानापासून सुटून एकटाच फिरतो, गेल्या वर्षी तेच झालं. म्हणून 'कुणाला तरी सांगा' हे वाक्य काढलं. आता बाई म्हणतात, "दारापाशी कुणीतरी उभं आहे. मी वही घेऊन मागच्या दाराने निघतेय." आणि शेवटी माझ्या आवाजात एक वाक्य आहे : "हे रेकॉर्डिंग एका खेळाचा भाग आहे, यात कुणीही संकटात नाही."

आर्जव

वाक्य चांगलं आणि सरळ आहे. तसंच राहू दे, गोष्टीत शोभावं म्हणून अलंकारिक करू नका.

उंबरठा

नवं रेकॉर्डिंग काल सर्वांत आधी त्या खेळाडूच्या बहिणीला पाठवलं, तिची परवानगी घेऊन. तिचं उत्तर आज सकाळी आलं : "शेवटचं वाक्य सुरुवातीला टाका. मी तेव्हाही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं."

टाकलं.